पाकोळ्यांची गुहा आणि राघो तांडेलाचं गाऱ्हाणं

सोलापूरच्या माणसाला पाणी म्हणजे नळाला येईल तेवढंच ठाऊक. त्यामुळे "या फाल्गुनात आपण समुद्रातल्या खडकावर पाकोळ्या बघायला जायचं," असं आमच्या ह्यांनी जाहीर केलं, तेव्हा मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. औषधांचं दुकान चालवणारा हा माणूस रविवार आला की गळ्यात दुर्बीण अडकवून हिप्परग्याच्या तलावावर जाऊन बसतो, हे मला लग्नापासून माहीत. पण पाखरांपायी त्यापलीकडे मला कधी नेलेलं नव्हतं. म्हटलं, चला, पाकोळ्या राहू देत, निदान समुद्र तरी बघू.

कोल्हापूर सोडून फोंडा घाट उतरू लागलो तशी एस.टी.नं अशी काही वळणं घेतली की सकाळपासून खाल्लेलं सगळं मला एकेक करून आठवलं. नांदगावला गाडी थांबली. झाडाखाली एक बाई काजूची बोंडं टोपलीत घेऊन बसली होती. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "घाटावरची मा तुमी? ह्यां खावा. पोटातला सगळा जाग्यार बसतला. पण लुगड्यार रस पाडू नकात, डाग जाणा नाय." तोवर पडला होता. घसा खवखवला, लुगडं गेलं, पण पोट मात्र खरंच जागेवर आलं.

मालवणला उतरवून घ्यायला फिलिप मास्तर आले होते. मास्तर काही वर्षं सोलापुरात गणित शिकवायला होते आणि आमच्या दुकानाच्या बाकावर बसून संध्याकाळच्या संध्याकाळ गप्पा मारायचे. नोकरी संपल्यावर गावी परतले. तेव्हापासून "एकदा या, पाकोळ्या दाखवतो" असा त्यांचा धोशा होता. डोक्याला हॅट, पायात वहाणा, बगलेत छत्री. घरी त्यांच्या बायकोनं सुंगटांचं (कोळंबीचं) कालवण आणि सोलकढी वाढली. मासे म्हणजे काटे एवढीच माझी समज होती, पण सुंगटाला काटा नसतो हे कळल्यावर मी मागं-पुढं पाहिलं नाही. जेवताना मास्तर सहज म्हणाले, "माझी धाकटी बहीण म्हापशाला दिलीय. इन्सुलीच्या पुढं पोर्तुगीजांचा गोवा, सरहद्द बंद झाली तेव्हापासून तिचं तोंड बघितलेलं नाही. तुम्ही आलात ना वहिनी, घरात पाहुणा आल्याचं समाधान झालं." मी आणखी भात मागून घेतला.

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं, असं लोक विचारतात. खरं सांगू? मला वाटलं, एवढ्या पाण्याचं हे लोक करतात तरी काय!

दुसऱ्या दिवशी देवबागेपर्यंत बैलगाडी, तिथून तरीनं (उतारूंच्या नावेनं) कर्लीची खाडी ओलांडून पलीकडे, आणि मग भोगव्यावरून पायी निवतीला. वाटेत माझ्या गुडघ्यांनी जे काही मला ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. निवतीला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. किनाऱ्यावर बांगडे वाळत घातलेले, होड्या वर ओढून ठेवलेल्या, आणि समोर पार लांब समुद्रात काळे ठिपके. नकाशात त्यांना वेंगुर्ल्याचे खडक म्हणतात. निवतीची माणसं नुसतं 'रॉक' म्हणतात. त्यांतल्या एकावर दीपगृह आहे आणि दुसऱ्याच्या पोटात पाकोळ्यांची गुहा.

आम्हाला तिथं नेणारा होता राघो तांडेल (होडीचा मुख्य). पन्नाशीचा असावा. छातीचा पिंजरा रुंद, आवाज मात्र देवळातल्यासारखा हळू. आमची उतरायची सोय त्याच्याच पडवीत केली होती. आत गेलो तर त्याची बायको गंगाबाय आणि माजघराच्या दाराशी, भिंतीला टेकून, दिवस भरलेली एक पोर. ती त्यांची मुलगी शेवंता. बाळंतपणाला माहेरी आलेली.

गंगाबायनंच मला चुलीपाशी बसवून सगळं सांगितलं. शेवंताची आधीची दोन्ही बाळंतपणं याच घरात झाली. दोन्ही मुलं जन्मली ती न रडताच. ही तिसरी खेप. सासरची माणसं वाईट नाहीत, पण आता कुजबुज सुरू झालीय. आणि शेवंता स्वतः तर महिनाभर बोललेलीच नाही धड कुणाशी.

मी ताडकन बाहेर आले आणि ह्यांना म्हटलं, "आपण उद्या जायचं नाही. या माणसांच्या घरात काय चाललंय आणि आपण पाखरं कसली बघतोय!"

हे लगेच तयार झाले. पण गंगाबाय पदर खोचून पडवीत आली. "नको गो बाय माजे! तुमी इलास म्हणान तर ह्यो माणूस घरातसून भायर पडता. दोनी खेपेक हंय उंबऱ्यार बसान रवलो. काय गावला? तेचा तोंड बघान चेडवाचो (पोरीचा) जीव अर्दो होता. ह्या खेपेक माका तो दारात नको म्हणजे नको!"

राघो खाली मान घालून जाळ्याची गाठ सोडवत बसला होता. म्हणाला, "शब्द दिलेलो आसा मास्तरांक. जाव्या."

म्हणजे आम्ही निघालो होतो सहलीला आणि तो बिचारा हद्दपार.

पहाटे कळा सुरू झाल्या. आतल्या खोलीत दिवा, सुईणीची ये-जा. गंगाबायनं त्यातही आम्हाला घावणे करून घातले, 'उपाशी जाव नकात' म्हणून दरडावलं, आणि राघोला अक्षरशः खांद्याला धरून अंगणाबाहेर काढलं. किनाऱ्यावर त्याचा चुलतभाऊ बाबल होडीपाशी उभा होता. होडी म्हणजे काय, आमच्या स्वयंपाकघराएवढी लांब आणि एका बाजूला उलांडी (तोल सांभाळणारं लाकूड). मी म्हटलं, "एवढीच?" बाबल म्हणाला, "बाईनू, समुद्र मोठो आसा, होडी मोठी कित्या (कशाला) होयी?"

होडी पाण्यात ढकलायच्या आधी राघो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, हातात नारळ घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. तिकडं कुठल्याही कामाआधी एकानं उभं राहून देवाला सगळी हकिकत मोठ्यानं सांगायची, मागायचं ते मागायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' (होय महाराजा) म्हणून दुजोरा द्यायचा.

"बा समिंद्रा म्हाराजा! आज ही पावणी माणसां सोलापुरासून तुझ्या दारात इली हत, तेंका हसत न्हे नि हसत हाड (आण)!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या दुकानाक बरकत दी, एकाचे एकवीस कर!"

"व्हय म्हाराजा!"

"बाईंची ढोपरां दुखतत, ती बरी कर!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज फिलिप मास्तरांचा होता. हॅट काढून छातीशी धरली होती त्यांनी.

माझे गुडघे थेट समुद्रापर्यंत पोचलेले पाहून मला हसू आलं आणि मग भरूनही आलं. परक्या बाईचं दुखणं लक्षात ठेवून कुणी देवाला सांगतं, असं माझ्या बाबतीत तरी आजवर झालेलं नव्हतं.

मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा पहाटेचा वारा) शिडात भरली आणि होडी निघाली. किनारा मागं पडेपर्यंत मी फार शूर होते. मग पोटातून जे काही वर आलं, ते आलंच. हे माझी पाठ चोळत होते आणि त्याच वेळी दुर्बिणीतून कुरव पक्षी बघत होते. दोन्ही कामं एकदम करणाऱ्या माणसाला काय म्हणावं! बाबलनं मला आमसुलाचा तुकडा चघळायला दिला. "लांब बघा, बाईनू. पाण्याकडे बघू नकात, लांब बघा." लांब बघितलं. उजेड फुटत होता. पाणी आधी शिशासारखं होतं, मग हळूहळू हिरवं झालं. एक डॉल्फिनांचा कळप बाजूनं गेला. तिकडं त्यांना 'गादो' म्हणतात. पाठी वर काढायचे आणि सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करून परत बुडायचे. मी मळमळ विसरले, ती तेव्हा.

राघो सुकाणूवर होता. त्याची नजर पुढं खडकाकडे असायला हवी होती, पण तो दर थोड्या वेळानं वळून मागंच बघत होता. मागं तर आता नुसती माडांची रेघ दिसत होती.

खडक जवळ आला तसा तो खडक राहिला नाही, काळा डोंगरच झाला. लाटा पायथ्याशी फुटून पांढऱ्या होत होत्या. राघोनं होडी किती वेळ नुसती घुटमळवत ठेवली, मग एका लाटेच्या पाठीवरून अलगद आत घेतली आणि म्हणाला, "आता!" आम्ही उड्या मारल्या. म्हणजे ह्यांनी मारली. मला तिघांनी गोणीसारखी उचलून ठेवली. ह्यांचा पाय शेवाळावरून सटकला आणि डाव्या पायातला बूट समुद्राला अर्पण झाला. दिवसभर हे एका बुटावर लंगडत होते, पण चेहरा असा की जणू मुंज लागलीय.

गुहेत शिरलो आणि आधी वास आला. ओला, उग्र, नाकात बसणारा. मग आवाज. अंधारात हजारो बारीक टिचक्या वाजाव्यात तशी टिकटिक. मास्तर कुजबुजले, "अंधारात वाट सापडावी म्हणून ती पाखरं असा आवाज करतात." डोळे सरावले तशी दिसायला लागली ती. चिमणीएवढी, राखी, विळ्यासारख्या पंखांची. एकमेकींना न आपटता सरासर आत-बाहेर चालली होती. भिंतीला चिकटलेली वाटीएवढी घरटी, आपल्याच लाळेनं बांधलेली, आणि त्यांत पांढरी अंडी. बाहेर सबंध समुद्र भिंतीवर धडका मारतोय, आणि आत ही एवढीशी आई अंड्यावर निवांत बसलेली. ह्यांनी दुर्बीण खाली ठेवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वासानं येतंय," म्हणाले. मी बरं म्हटलं.

बाहेर येऊन सावलीच्या कपारीत आम्ही शिदोरी सोडली. माझ्याजवळ घरून आणलेल्या शेंगाच्या पोळ्या होत्या. सगळ्यांनी घेतल्या. राघोनं हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. किनाऱ्याकडे तोंड करून बसून राहिला.

मला राहवेना. मी म्हटलं, "राघोबा, सकाळी माझ्या गुडघ्यांचंसुद्धा मागणं मागितलंत. शेवंताचं अवाक्षर काढलं नाहीत. का हो?"

मास्तरांनीच उत्तर दिलं. "वहिनी, आपलं गाऱ्हाणं आपण घालायचं नसतं. दुसऱ्यानं घालायचं. आणि राघो इथला गाऱ्हाणं घालणारा. गावचं सगळं त्यानं सांगायचं. त्याचं कोण सांगणार?"

"का, तुम्ही आहात ना! बाबल आहे!"

बाबल म्हणाला, "मी घरचोच. मास्तरांनी मागल्या खेपेक घातल्यानी." मास्तर समुद्राकडे पाहत हॅटची कड चाचपत राहिले. मागच्या वेळचं त्यांचं गाऱ्हाणं लागू पडलं नव्हतं. आता त्यांचा धीर होत नव्हता, हे न सांगता कळलं.

"मग मी घालते," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. कारण घरात सत्यनारायणाची आरतीसुद्धा मी ओठांतल्या ओठांत म्हणते. पण मी उठले. नारळ नव्हता, म्हणून उरलेली शेंगाची पोळी हातात घेतली, खडकाच्या कडेला गेले आणि सुरुवात केली, "हे समुद्रदेवा, आपण कृपा करून—"

"कृपा नको, बाईनू," बाबल मागून हळूच म्हणाला, "आदी गावाचा नाव घाला, घराचा घाला. नायतर मागणा दुसऱ्याच्याच दारात जातला."

झालं! मनात जुळवलेलं सगळं विसरले. मग मात्र मी सोलापुरी सुटले. "बा समुद्रा! निवती गावात, राघो तांडेलाच्या घरात, त्याची लेक शेवंता अडलेली आहे. ऐकतोयस का रे?"

मग बाबल आणि मास्तर एकदम, "व्हय म्हाराजा!"

"तिची दोन गेली. आता पुरे झालं!"

"व्हय म्हाराजा!" यात ह्यांचाही आवाज होता.

"माझंही एक गेलंय, बारशाच्या आत. मी तेव्हा कुणाजवळ काही मागितलं नाही, कुणाशी भांडले नाही. आज भांडते. या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचं मागितलं. आता त्याचं दे. तिचं बाळ रडत येऊ दे. आई आणि लेकरू दोघं घरात नांदू देत!"

"व्हय म्हाराजा!"

पोळी पाण्यात सोडली. वळून पाहिलं तर राघोनं डोक्यावरचा पंचा तोंडावर ओढून घेतला होता. ह्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि बराच वेळ सोडला नाही. त्या बाळाबद्दल आम्ही दोघं इतक्या वर्षांत कधी बोललो नव्हतो. तिथंही बोललो नाही, पण हात धरलेला होता.

दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि होडी त्याच्यावर घरी जाते, असा तिथला रोजचा शिरस्ता. त्या दिवशी वारा पडलेला. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. मग वल्ही काढली. राघो आणि बाबल मारत होते ते ठीक, पण मास्तरांनी आणि आमच्या एकबुटी स्वारीनंही आळीपाळीनं वल्हं घेतलं. ह्यांच्या तळहाताला फोड आले. एरवी पुडी बांधताना दोरा कापला तरी टिंक्चर लावणारा माणूस, पण चकार शब्द काढला नाही. किनारा मोठा होत होता आणि प्रत्येकाला तो लवकर यायलाही हवा होता आणि नकोही होता.

निवतीच्या पुळणीवर (वाळूवर) दोन बायका वाळलेले बांगडे गोळा करत होत्या. आमची होडी दिसली तशा उभ्या राहिल्या, बघितलं, आणि पाठ फिरवून टोपल्या घेऊन माडांत चालत्या झाल्या.

राघोच्या हातातलं वल्हं थांबलं.

"बाबल," तो म्हणाला, "नांगर टाक."

"अरे, हंयच? पाणी आसा अजून."

"टाक म्हणतंय मा."

नांगर पडला. राघो सुकाणूपाशी बसला तो बसलाच. किनाऱ्याकडे पाठ. मला म्हणाला, "बाईनू, तुमी फुडे जावा. मी हंय बसतंय."

मास्तरांनी माझ्या कानाशी सांगितलं, "त्या बायका काही बोलणार नाहीत. घरची पहिली खबर घरच्या माणसानंच सांगायची असते इथं. बरी असो, वाईट असो."

मग काय! लुगडं वर खोचलं आणि मी, सोलापूरची, कमरेएवढ्या समुद्रात उतरले. बाबलनं खांदा दिला. वाळूत पाय रुतत होते. अंगणात आले तर सामसूम. पडवीत कुणी नाही. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की दुसरं काही ऐकूच येईना. मागच्या दारी चुलीवर हंडा, आणि गंगाबाय पाठमोरी, जाळ सारत बसलेली. हाक मारायची हिंमत होईना. तीच वळली. चेहरा धुरानं लाल, घामानं निथळलेला.

"इलास? चेडू झाला," ती म्हणाली. मुलगी झाली. "आवस (आई) बरी आसा."

"आणि बाळ?"

तिनं नुसता हात वर केला, थांब, ऐक म्हणून. तेव्हा आतून आलं ते मला ऐकू. बारीक, चिरका, रागावलेला आवाज. असला गोड कर्कशपणा मी जन्मात ऐकला नव्हता. मी तिथंच ओल्या लुगड्यानं खाली बसले आणि रडले.

गंगाबायनं मला दंडाला धरून उठवलं. "रडता कित्या! जा, तेका सांगा. होडीत बसलो असतलो, माका म्हायत आसा. मी हंयसून हलूक नाय, पाणी तापता."

"पण पहिली खबर घरच्यांनीच सांगायची ना?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली की मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले. "मगे? जावा की!" म्हणाली, आणि लाकूड पुढं सारलं.

मी पळाले. गुडघे दुखत असतील तर असोत, मला ठाऊक नाही. पाण्यात शिरले. राघो तसाच पाठ करून बसलेला. माझी चाहूल लागली तरी वळेना. मला इतकी धाप लागली होती की तोंडातून शब्द फुटेना. शेवटी त्यानंच विचारलं, समुद्राकडे बघतच.

"रडलां?"

"रडतंय!" मी ओरडले. "अजून रडतंय, राघोबा! मुलगी आहे, गाव डोक्यावर घेतलंय तिनं! शेवंता बरी आहे!"

त्यानं उडी मारली ती माझ्या अंगावरच. पाणी उडालं, मी बुडता बुडता वाचले. तो वाळूवरून धावत सुटला. पंचा वाटेत पडला, तो त्यानं उचलला नाही. बाबल नांगर सोडून त्याच्या मागं, मास्तर हॅट धरून बाबलच्या मागं. होडीत राहिले एकटे आमचे हे, एका बुटातले, "अहो, मला कोणी उतरवतंय का?" असं ओरडत.

सोलापूरला परतल्यावर लोक विचारतात, काय पाहिलं? ह्यांना विचारलं तर पाकोळ्या सांगतात, आणि ते खरंच बघण्यासारखं आहे, जमेल त्यानं जावं. वारा बघून जावं, आणि चपला घालून जावं. मी मात्र निवतीचं नाव घेतलं की आधी त्या माणसांना हात जोडते. परक्या बाईला त्यांनी आपल्या घरचं गाऱ्हाणं घालू दिलं, आणि आपल्या घरची खबरही तिच्याच तोंडी दिली. सोलापूरला परतलो त्या रात्री घरी झोपताना हे अंधारात म्हणाले, "आपलं ते... मुलगी होती ना गं?" मी हो म्हटलं. मग आम्ही पहिल्यांदाच, पार उशिरापर्यंत, तिच्याविषयी बोलत पडलो.